न फोडलेली एक भट्टी

कोलंबस, जॉर्जिया
११ जानेवारी १८६४

लेफ्टनंट लायमन व्हिटेकर,
तांबे-जप्ती तुकडी, एलिजे

साहेब,

हे पत्र कामाचं आहे. ते बहिणीकडून आलं आहे असं समजून वाचू नये. थॅकस्टन यांच्या बंदुकीच्या टोप्यांच्या कारखान्यात मसाला तपासणारी बाई लिहिते आहे, एवढंच समजावं.

मला दारू गाळण्याची एक तांब्याची भट्टी हवी आहे. अखंड, म्हणजे मान, टोपण आणि नागमोडी नळी यांच्यासह. तुमची तुकडी डोंगरातल्या भट्ट्या जप्त करते आणि जागच्या जागी कुऱ्हाडीने फोडून गाडीत भरते, हे मला ठाऊक आहे. ते तुकडे आमच्याच शहरात येतात, इथल्या गिरणीत त्यांचा पत्रा निघतो आणि त्या पत्र्याच्या आम्ही टोप्या करतो. माझं मागणं इतकंच आहे की त्यांतली एक फोडू नये.

कारण असं. शिपाई बंदुकीच्या घोड्याखाली जी टोपी बसवतो, तिच्या तळाशी ठोक्याने पेटणारा चिमूटभर स्फोटक मसाला असतो. तो ओला असतानाच आमच्या मुली भरतात. मग टोप्या आवारापलीकडच्या वाळवणखोलीत जातात, आणि वाळल्यावर आत दमट हवा शिरू नये म्हणून मसाल्यावर लाखेचा एक थेंब सोडायचा असतो. लाख विरघळते ती फक्त कडक मद्यार्कात. भट्ट्या गेल्या तसा मद्यार्क गेला, आणि जो थोडा निघतो तो इस्पितळं नेतात. नाकेबंदी चुकवून आलेलं लाखेचं पिंप आमच्या कोठारात भरलेलं पडून आहे. गेल्या जूनपासून आम्ही टर्पेंटाइनमध्ये राळ कालवून तीच लावतो. ती महिनाभराने देखील बोटाला चिकटते. डॅल्टनच्या छावणीतून तक्रार आली आहे की पाचातली एक टोपी उडत नाही.

म्हणजे टोप्यांना तांबं हवं म्हणून भट्ट्या फोडल्या, आणि भट्ट्या फोडल्या म्हणून टोप्या उडत नाहीत. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही.

थॅकस्टन साहेबांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते मसालाच नीट वाळत नाही. म्हणून एक फेब्रुवारीपासून भरणखोलीतच लोखंडी शेगडी बसवायची आणि भरलेली तबकं तिथेच भिंतीच्या फळ्यांवर वाळवायची, असं त्यांनी ठरवलं आहे. त्या खोलीत चाळीस मुली मांडीला मांडी लावून बसतात. वाळलेला मसाला काय करतो हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. आपण दोघं ते बाबांच्या औषधांच्या दुकानात एकाच खलापाशी उभं राहून शिकलो.

शेगडी पेटण्याआधी भट्टी आली तर मी माझं म्हणणं सिद्ध करू शकेन. नंतर आली तर सिद्ध करण्याची गरज उरणार नाही.

थि. व्हिटेकर

ता.क. ज्याने सगळ्यांत आधी स्वतःच्या घरातली भट्टी नेली, त्याच्याकडे दुसऱ्याची मागायची वेळ माझ्यावर आली आहे. हे वर लिहिलं नाही, कारण वरचा मजकूर कामाचा आहे.


कोलंबस
२३ जानेवारी

लायमन,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींपैकी तीन हुकमाच्या. भट्टी जागीच फोडावी असा नियम आहे, अखंड भट्टी डोंगराखाली आणणं ही चोरी ठरते, आणि तुझा कॅप्टन रोज तुकडे मोजतो. चौथ्या ओळीत तू विचारलं आहेस, बाबांच्या थडग्यावर दगड बसवला का.

बसवला. अक्षरं मी आखून दिली. तू आला असतास तर पाहिला असतास.

आता कामाचं. डॅल्टनहून परत आलेल्या न उडालेल्या टोप्या मी मागवून घेतल्या. निम्म्या तशाच ठेवल्या, निम्म्या ओल शोषणाऱ्या चुनकळीच्या बरणीत दोन दिवस झाकून वाळवल्या आणि मग दोन्ही बंदुकीवर लावून पाहिल्या. वाळवलेल्या सगळ्या उडाल्या. न वाळवलेल्यांतली एकही नाही. मसाला चांगला आहे, ओल नंतर शिरते, आणि ती राळेतून शिरते. बाबा असते तर इथेच विषय संपला असता.

मी हे थॅकस्टन साहेबांपुढे मांडलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या कचेरीत मेजामागे एक बंदूक टांगलेली आहे, चिकमॉगाच्या लढाईनंतर त्यांच्या मुलाच्या सामानाबरोबर आलेली. ती आली तेव्हा नळीतला बार कुणीतरी काढलेला होता, पण घोडा पडलेला होता आणि टोपी न उडता तशीच होती. त्यांनी ती टोपी अजून काढलेली नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे पाहत नाहीत, त्या बंदुकीकडे पाहतात.

"मिस व्हिटेकर," ते म्हणाले, "तुमचं खरंही असेल. पण मद्यार्क माझ्या हातात नाही, शेगडी आहे. जे हातात आहे ते केलं नाही असं मला कुणी म्हणू नये."

मी एवढंच सुचवलं की मग तबकं निदान नदीकाठच्या शेडमध्ये वाळवा. ती शेड मातीच्या बांधाआड एकटी आहे, तिथे ॲब्सलम मसाल्याचे दोन जिन्नस वेगवेगळे दळतो. तो मिसेस पर्नेल यांचा गुलाम, नाताळ ते नाताळ भाड्याने घेतलेला. साहेब लगेच नाही म्हणाले. करारात लिहिलं आहे की त्या माणसाला इजा झाली तर भाड्याने घेणाऱ्याने मालकिणीला पूर्ण किंमत भरायची.

शेडमध्ये तो असतो, हे मी सुचवताना लक्षात घेतलं नव्हतं. ते इथे नमूद करून ठेवते.

ॲब्सलमच्या कानावर ते गेलंच. मी दळण तपासायला गेले तेव्हा तो चाळणी झटकत म्हणाला, "माझी किंमत कागदावर लिहिलेली आहे, मिस. त्या पोरींची कुणी लिहिली नाही. म्हणून शेगडी तिकडे."

मी म्हटलं, हे बोलणं कडू आहे.

"मी किंमत सांगितली, मिस. ती मला मिळते असं नाही म्हणालो."

मुलींना अजून कुणी काही सांगितलेलं नाही, पण शेगडीच्या विटा आवारात येऊन पडल्या आहेत आणि त्यांना डोळे आहेत. भरणखोलीत त्यांचं पुढारपण करते ती आर्मिंडा सग्ज, सूतगिरणीतून आलेली, दातांत सदा तपकिरीची काडी. तिने मला विटांपाशी गाठलं. म्हणाली, "मिस डोशा, गारठा आहे म्हणून बंदुकीच्या दारूच्या पिंपावर चढून चिलीम पेटवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?" मी म्हटलं, नाही. "मग ही शेगडी पेटल्यावर पाहाल. नुसता एक नाही, चाळीस."

मी तिला सांगितलं की भट्टी मागवली आहे. ती हसली. "कुणाकडून?" मी म्हटलं, एका अधिकाऱ्याकडून. तो माझा कोण लागतो हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता हेही लिहिते, एकदाच. मागच्या एप्रिलमध्ये तू दोन शिपाई घेऊन दुकानात आलास. बाबा पेपरमिंटचा अर्क गाळत होते. तू म्हणालास, घरापासून सुरुवात केली नाही तर डोंगरातल्या माणसांना मी कोणत्या तोंडाने सांगू. बाबांनी विस्तव काढला, भट्टी थंड होऊ दिली, आतून धुतली, पुसली आणि तुझ्या स्वाधीन केली. त्यानंतर त्यांनी दुकान उघडलं, पण काही बनवलं नाही. बनवायला काही नसलेला औषधवाला किती दिवस टिकतो, ते आपण पाहिलं. म्हणजे मी पाहिलं.

त्या भट्टीच्या तांब्याच्या टोप्या किती झाल्या असतील याचा हिशेब मी केला होता. देशाला त्यांचा उपयोग झाला, असं म्हणून मी झोपत असे.

एक तारखेला, सोमवारी, शेगडी पेटेल. एक भट्टी, लायमन. कॅप्टनला एक तुकडा कमी मोजता येईल.

थिओडोशा


कोलंबस
३ फेब्रुवारी

लायमन,

अक्षर वाकडं आहे, त्याकडे लक्ष देऊ नये.

शेगडी सोमवारी सकाळी पेटली. पहिला दिवस काही झालं नाही. थॅकस्टन साहेब दोनदा येऊन शेगडीपुढे हात शेकून गेले, आणि दुपारी काही मुली म्हणाल्या की बोटं उबदार असली की हात भरभर चालतो. ते खरं आहे. मीही तसंच नोंदवलं.

काल, मंगळवारी, फळीवरचं एक तबक पेटलं. टेम्पी नावाची मुलगी, आर्मिंडाची मावसबहीण, ते उतरवायला गेली होती. टोप्या तबकाला चिकटल्या होत्या, राळेमुळे नाही, तबकाच्या लाकडाला ऊब लागून डिंक वर आला होता. अशा वेळी मुली तबक हलकेच मेजावर आपटतात. ओल्या टोप्यांवर त्या रोज तसंच करतात, कारण ओल्या टोप्या मोकळ्या करण्याची तीच रीत आहे. त्यांना कोणी वेगळं शिकवलं नव्हतं. त्यांना वाळलेल्या टोप्या कधी हाताळाव्याच लागू नयेत, अशीच तर आमची रचना होती.

एकच तबक पेटलं. बाजूची पेटली नाहीत, कारण आर्मिंडाने त्यांच्यावर पाण्याची बादली ओतली. दुसऱ्या कुणीतरी टेम्पीची बाही विझवली. टेम्पीचा डावा डोळा जाईल असं डॉक्टर म्हणतात. उजवा राहील.

त्यानंतर मुली रांगेने बाहेर पडल्या. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. आवारात उभ्या राहिल्या. साहेब बाहेर आले, चेहरा पांढरा. म्हणाले की दुर्घटनेचं त्यांना दुःख आहे, पण डॅल्टनला चाळीस हजार माणसं बंदुकीऐवजी हातात काठ्या घेतल्यासारखी उभी आहेत, कामावर परत चला. आर्मिंडा म्हणाली, "साहेब, शेगडी बाहेर, आम्ही आत. शेगडी आत, आम्ही बाहेर. आमचं गणित एवढंच."

ते म्हणाले की सोमवारी सूतगिरणीतून नव्या मुली येतील.

"येऊ द्या की," आर्मिंडा म्हणाली. "त्यांनापण दोनच डोळे असतात."

सगळं पांगल्यावर साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. नव्या मुलींना शिकवण्याचं काम माझं. मी नाही म्हटलं तर ते स्वतः शिकवतील, आणि त्यांना ते काम येत नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. मी हो म्हटलं. आर्मिंडाने ते कळल्यावर माझ्याकडे पाहून जमिनीवर तपकीर थुंकली. त्यात अयोग्य काही नव्हतं.

मी तुला तिसऱ्यांदा विचारते आहे. पाठवायची नसेल तर "नाही" एवढंच लिही. कारण नको. हुकूम मला पाठ झाले आहेत.

थिओडोशा


कोलंबस
१२ फेब्रुवारी

लायमन,

मंगळवारी रेल्वेने एक खोकं आलं, माझ्या नावाचं. वर लिहिलेलं, दळणयंत्राचे भाग. आत कडब्यात गुंडाळलेली भट्टी, नळी, टोपण, आणि कच्च्या सफरचंदी दारूची दोन पिंपं. चिठ्ठी नव्हती. मी कडबा दोनदा चाळला.

आधी काय झालं ते सांगते, मग तुला एक प्रश्न विचारते.

सोमवारी नव्या मुली आल्या होत्या, वीसेक. साहेब म्हणाले, शिकवा. मी त्यांना आवारात लोहाराच्या ऐरणीपाशी उभं केलं, ऐरणीवर मसुराएवढा वाळलेला मसाला ठेवला, सगळ्यांना चार पावलं मागे घेतलं आणि हातोडी मारली. मग सांगितलं की आत फळ्यांवर याच्या हजारपट आहे, आणि तुमचं काम ते न आपटता उतरवण्याचं आहे. प्रश्न विचारा, म्हटलं. एकीने विचारलं, फाटक कुठल्या बाजूला आहे. दुपारपर्यंत सात उरल्या. साहेबांनी विचारलं, हे काय चालवलंय. मी म्हटलं, तुम्ही शिकवा म्हणालात, हा पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी भट्टी. मी ती आवारातच उघडली, कारण ती लपवण्याची गोष्ट नव्हती, आणि तिथेच चुकले. साहेबांनी पाहिली आणि ते भ्यायले. परवान्याशिवाय कारखान्यात भट्टी सापडली तर सरकारी काम हातचं जाईल. तांबं ते तांबं, म्हणाले, गाडी बोलवा आणि पत्र्याच्या गिरणीत पाठवा, आजच. मी त्यांना सगळं परत सांगितलं, चुनकळी, राळ, लाख. ते ऐकतच गाडीवानाला हाक मारत होते.

संपावरच्या मुली रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन बसत, विणकाम घेऊन. आर्मिंडाने दारातून सगळं ऐकलं असावं. ती आत आली, भट्टीभोवती एक फेरी मारली, बोटाने वाजवून पाहिली आणि मला विचारलं, "ही तीच का, शेगडी घालवणारी?"

मी म्हटलं, वेळ मिळाला तर.

ती भट्टीवर बसली. घागरा पसरून, नीट. मग तिने विणकाम काढलं. मग दुसरी नळीच्या खोक्यावर बसली, दोघी पिंपांवर, बाकीच्या भोवती जमिनीवर. गाडी आली आणि उभी राहिली. गाडीवानाने साहेबांकडे पाहिलं.

"ऊठ, आर्मिंडा," साहेब म्हणाले.

"बसलेली कोंबडी उठवू नये, साहेब. अंडी वाया जातात."

गाडीवान हसला आणि त्याने तोंड फिरवलं. साहेबांना त्या मुलींना हात लावता येईना आणि शिपाई बोलवावेत तर भट्टीचं काय सांगायचं. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, तोवर सिद्ध झालं नाही तर दहाव्या दिवशी ही भट्टी आणि तुम्ही, दोघीही इथून जाल.

म्हणजे माझं सगळं पणाला लागलं आहे, आणि टेम्पीच्या उजव्या डोळ्यासकट चाळीस मुलींचे उरलेले एकोणऐंशी डोळे.

आता प्रश्न. भट्टीच्या उजव्या कुशीला एक पोचा आहे, अक्रोडाएवढा. तू सात वर्षांचा असताना खलाच्या बत्त्याने तो पाडलास, आणि मार मी खाल्ला, कारण मी खोटं बोलले. मानेच्या सांध्यावरचं डाग दिलेलं काम बाबांचं आहे. त्यांच्यासारखा डाग कुणी देत नाही. ते नेहमी एक थेंब जास्त सोडत.

ही भट्टी गिरणीत वितळली, असं तू बाबांना लिहिलं होतंस. त्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं होतं. मग ती सफरचंदाचा वास घेऊन डोंगरातून कशी आली?

उत्तर लगेच पाठव. माझा उजवा हात अजून धड चालत नाही आणि डाव्याने मला हे पुन्हा लिहायचं नाही.

थिओडोशा


कोलंबस
२७ फेब्रुवारी

लायमन,

तुझं पत्र आलं. या वेळी चार ओळी नाहीत.

तर एलिजेच्या वर डोंगरात दारू गाळणारा तो म्हातारा प्रुइट. अधिकाऱ्याला स्वतःचा घोडा लागतो, तुझ्याकडे नव्हता, त्याच्याकडे होता. पहिल्या गाडीतून बाबांची भट्टी खाली जाण्याऐवजी वर गेली. तू लिहितोस की एकदा खोटं सांगितल्यावर दुकानात पाय ठेवण्याचं धाडस झालं नाही, आणि दफनाला का आला नाहीस तेही तेच कारण. म्हणजे ज्याच्यासाठी भट्टी दिलीस त्या घोड्यावर बसूनही तुला घरी येता आलं नाही.

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि राळेचं पातेलं घासलं. मग परत वाचलं.

तू म्हणतोस, मी आता तुला कधी माफ करणार नाही. ते तू चुकीचं मोजलं आहेस. देशासाठी बापाच्या हातातून भट्टी काढून घेणारा माणूस मला दहा महिने कळत नव्हता. माझा भाऊ असा दगडाचा कधी झाला, हे मी स्वतःला विचारत असे. घोडा हवा म्हणून लबाडी करणारा आणि मग तोंड लपवणारा मुलगा मला पुरता ओळखीचा आहे. त्याच्याऐवजी मी मार खाल्लेला आहे. माझा राग गेलेला नाही. पण आता तो कुणावर आहे हे मला माहीत आहे.

बाबांनी मरताना देशाचा विचार केला, आणि तो खोटा होता. ते मात्र तुझं तूच वागव. मला त्यात वाटा नको.

आता काय झालं ते.

दोन पिंपं मी तीनदा गाळली, शेवटच्या वेळी चुनकळीवरून. त्यात लाख विरघळली. आर्मिंडा आणि संपावरच्या मुलींनी आवारात उघड्यावर, थंडीत, बोटं फुंकत नव्या टोप्यांवर थेंब सोडले. सातव्या दिवशी मी एक मूठ राळेच्या टोप्या आणि एक मूठ लाखेच्या अशा दोन बादल्यांत रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी बादल्या साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवल्या. बंदूक आणायला मी निघाले तेव्हा ते म्हणाले, थांबा.

त्यांनी मागची बंदूक उतरवली. मुलाची. घोडा वर ओढला, आणि ती जुनी टोपी नखाने काढली. चिकटली होती, वेळ लागला. ती त्यांनी खिशात ठेवली. मग राळेच्या बादलीतली एक घेऊन बसवली आणि चाप ओढला. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी फुसकली. मग लाखेच्या बादलीतली. ती उडाली. खोली लहान आहे, आवाज मोठा झाला. त्यांनी दुसरी लावली, तिसरी लावली. बादली रिकामी होईपर्यंत ते लावत राहिले. मी मोजायला गेले होते, पण मोजलं नाही. दारात मुली गोळा झाल्या होत्या, आर्मिंडासुद्धा.

शेवटी त्यांनी बंदूक मेजावर आडवी ठेवली.

"शेगडी काढा," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मुलींनीच काढली. अर्ध्या तासात विटा परत आवारात होत्या.

भट्टीचा परवाना आता त्यांनीच मागितला आहे, इस्पितळाच्या नावावर. टेम्पीला वाळवणखोलीचं दार राखण्याचं काम दिलं आहे. ते पुरेसं नाही, आणि आर्मिंडाने तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं. माझ्याशी ती आता बोलते. काल तिने माझ्या उजव्या हाताची पट्टी सोडून पाहिली आणि म्हणाली, "पेटलेली बाही उघड्या हातांनी धरायला कोणत्या शाळेत शिकवतात?" दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. तुला हे आधी लिहिलं नाही, कारण तेव्हा तुझ्याकडून मला दया नको होती, भट्टी हवी होती.

ॲब्सलमलाही मी बादल्यांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, मिस. पोरींसाठी." आणि दळायला लागला. वाक्य तिथे संपलेलं नव्हतं. त्या टोप्या कुणावर उडतील आणि कशासाठी, हे त्याने म्हटलं नाही, मी विचारलं नाही. पण परतताना मी ते ऐकलं.

तुझी बातमी मी मुद्दाम शेवटी ठेवली. भट्टी घेताना प्रुइटला घोडा परत दिलास, तरी त्याने कॅप्टनकडे जाऊन सगळं सांगितलं, तुझे पट्टे गेले, आणि आता तू साधा शिपाई म्हणून डॅल्टनच्या पायदळात. हे तू अशा सुरात लिहिलं आहेस की जणू हवापालट आहे. मला फसवू नकोस. राळेच्या टोप्या डॅल्टनमध्ये अजून महिनाभर पुरतील इतक्या आहेत, आणि नवीन माणसाला जुना माल आधी मिळतो.

म्हणून या पत्राबरोबर एक डबा पाठवते. टोप्या लाखेच्या आहेत, पहिल्या घाण्यातल्या. त्या रात्रभर पाण्यात ठेवून तपासलेल्या आहेत; म्हणजे याच नाही, यांच्या शेजारच्या. दिलेल्या टोप्या पेटीत ठेव, या अंगाशी. कुणाला वाटायच्या असतील तर वाट, पण आधी तुझा खिसा भर. आणि डॅल्टनला पोहोचलास की लिही. हुकूम नको, तब्येत लिही.

भट्टी दुकानात परत नेलेली नाही. ती कारखान्यातच आहे, वाळवणखोलीपासून लांब, विटांच्या चुलाण्यावर. विटा त्याच. काल ॲब्सलम नळी बसवत होता तेव्हा त्याने विचारलं, हा पोचा आतून ठोकून काढू का.

मी म्हटलं, राहू दे. त्यातून काही गळत नाही.

डोशा